रस्ता कोरडा, मग पाणी जातं कुठे?

प्रश्न : ताई, शहराचं चाळीस टक्के पाणी गळतीत जातं, असं सतत ऐकतो. रस्त्यावर मात्र तेवढं पाणी कधी वाहताना दिसत नाही. ते जातं कुठे? आणि जुन्या जलवाहिन्या सरसकट बदलल्या की प्रश्न मिटेल ना?

उत्तर : आधी त्या चाळीस टक्क्यांची फोड करायला हवी. शहरात सोडलेलं पाणी आणि बिलात आलेलं पाणी यांतला फरक म्हणजे बेहिशेबी पाणी. त्यात खरी गळती असतेच, पण कमी आकडा दाखवणारे झिजलेले मीटर, अनधिकृत जोडण्या आणि बिलातल्या चुकाही असतात. मीटर बदलून जमिनीतली गळती थांबत नाही आणि वाहिनी बदलून चोरी थांबत नाही.

खरी गळती दिसत नाही, कारण पाणी खालच्या खाली वाट काढतं. ते वाळूच्या थरात मुरतं, पावसाळी गटारात किंवा मलवाहिनीत शिरतं. मोठी वाहिनी फुटली की रस्ता उखडतो, तक्रारी येतात, दुरुस्ती लगेच होते. मला घोर लागतो तो लहान छिद्रांचा. २० मीटर दाबाखाली, म्हणजे २० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाखाली, ६ मिलिमीटरच्या छिद्रातून दिवसाला सुमारे २९ हजार लिटर पाणी जातं. वर्षभर कोणाला कळलंच नाही, तर एक कोटी लिटरच्या वर. ताशी ५० हजार लिटर सांडणारी फुटलेली वाहिनी सहा तासांत बंद केली, तर नुकसान तीन लाख लिटरचं.

म्हणून गळती लवकर कळणं महत्त्वाचं, आणि ती रात्री कळते. माझी नोकरी पाणीपुरवठ्यातच गेली. त्यातलं हे काम मला सर्वांत आवडायचं. शहराचे लहान विभाग पाडायचे, प्रत्येक विभागात पाणी शक्यतो एकाच जागेवरून आत घ्यायचं आणि तिथे मीटर बसवायचा. रात्री दोन ते चारच्या सुमारास लोक झोपलेले असतात. तेव्हाही मीटर पळत असेल, तर बरंचसं पाणी गळतीचं. मग व्हॉल्व्हमन एकेक गल्ली बंद करत जातो. एखादा व्हॉल्व्ह फिरवताच आकडा धाडकन खाली आला, की गल्ली सापडली. तिथे साऊंडिंग रॉडचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. कोणी नळ उघडला असेल तर आवाज येतो आणि थांबतो. गळतीची सुरसुर थांबत नाही. ती जिथे सर्वांत स्पष्ट ऐकू येते, तिथे खोदायचं. प्लास्टिकच्या वाहिनीत आवाज लवकर विरतो, तिथे यंत्रांची मदत लागते. पण अनुभवी व्हॉल्व्हमनच्या कानांना मी फार मानते.

दुसरा उपाय दाबाचा. रात्री वापर घटला की वाहिनीतला दाब वाढतो आणि गळतीही वाढते. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून दाब २० टक्के उतरवला, तर गळतीही साधारण तेवढीच उतरते. वाहिन्या फुटण्याचं प्रमाणही घटतं. रस्ते न खोदता एवढं साधतं, तरी याकडे दुर्लक्ष होतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाहिन्या बदलाव्या लागतातच, पण वारंवार फुटणाऱ्या आधी. शिवाय गळतीच्या जागा मोजल्या तर बहुतेक नळजोडण्यांवर निघतात. मुख्य वाहिनी नवी टाकली आणि जोडण्या जुन्याच ठेवल्या, तर त्या गळतच राहतात.

कंबोडियातल्या नॉम पेन्ह शहरात १९९३ साली ७२ टक्के पाणी बेहिशेबी होतं. २०१०च्या सुमारास ते ६ टक्क्यांच्या आसपास आलं. तिथल्या जलप्राधिकरणाचे तेव्हाचे प्रमुख एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) यांनी वाहिन्या बदलल्या, तसंच प्रत्येक जोडणीला मीटर लावला आणि बेकायदा जोडण्या शोधून काढल्या. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्रश्न : पाणी दिवसातून थोडाच वेळ सोडलं, तर गळती आपोआप कमी होणार नाही का?

उत्तर : पाणी बंद असताना गळत नाही, एवढंच खरं. पण वाहिनी रोज रिकामी होऊन भरताना हवेचे आणि पाण्याचे धक्के बसतात, सांधे ढिले होतात. रात्री वाहिनीत दाबच नसेल, तर मीटर आणि रॉड दोन्ही निरुपयोगी. त्यात ज्या छिद्रातून पाणी बाहेर जातं, त्यातूनच दाब गेल्यावर आजूबाजूचं मैलापाणी आत ओढलं जातं. सुरुवातीला गढूळ पाणी येत असेल, तर ते पिऊ नका आणि पाणीपुरवठा विभागाला वेळ आणि जागा लिहून कळवा. तुमच्या वाहिनीवर नेमकं कुठे खोदायचं, याचा तो चांगला सुगावा असतो.