घरी भजनं रेकॉर्ड करायला मोफत सॉफ्टवेअर कोणतं? शिकायला अवघड आहे का? आणि फुकटात स्टुडिओसारखा दर्जा येतो का?

मॅक असेल तर गॅरेजबँड, विंडोज किंवा लिनक्स असेल तर ऑडॅसिटी. पण 'फुकटात स्टुडिओसारखा दर्जा येतो का' असंही तुम्ही विचारलंय. लग्नकार्यात भेटले की आमचे दाजी हेच पालुपद लावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मामांचे अभंग जपून ठेवायचे ठरलं, तेव्हा दाजींच्या हट्टापायी एका स्टुडिओत गेलो. तिथल्या पोराने मामांच्या कानाला हेडफोन लावून मेट्रोनोम, म्हणजे एकाच लयीत टिकटिक करणारं यंत्र, सुरू केला. अहो, भजनात लय चढत जाते! शेवटच्या गजराला टाळकऱ्यांना दम लागतो. मेट्रोनोम हलेना आणि मामा थांबेनात. मग त्याने कापाकापी करून प्रत्येक ठोका रेघेवर बसवला, वर ऑटोट्यून, म्हणजे सूर आपोआप सरळ करणारा इफेक्ट, मारला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड गेली, जिन्याच्या पायऱ्या उरल्या. मामांनी ऐकून फक्त पखवाजाचं कौतुक केलं.

नंतर माजघरात, माझ्या जुन्या लॅपटॉपवर, ऑडॅसिटीत केलं. साधा यूएसबी माइक, भिंतींवर गोधड्या, पंखा बंद. पेटी लांब सरकवली, नाहीतर ती गळ्यावर चढते. रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवली (शून्याच्या वर आवाज फाटतो), कारण गजराला मामांचा आवाज एकदम वर जातो. दाजींच्या गाडीत आज हेच रेकॉर्डिंग वाजतं, ताईनेच सांगितलं.

शिकायला क्लास लावू नका. रेकॉर्ड करणं, कापणं, दोन ट्रॅक जुळवणं, झालं. गाण्याआधी रिकाम्या खोलीचे काही सेकंद रेकॉर्ड करा, नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागची घरघर काढायला, ते लागतात. मूळ प्रत वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या फाइलमध्ये, ठेवा. एमपी3 फक्त व्हॉट्सॲपला. ऑडॅसिटीची आवृत्ती 3.2 किंवा पुढचीच घ्या, तिथून मूळ आवाजाला धक्का न लावता इफेक्ट लावता येतात.

एलएमएमएस या संगीत बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, ते माइकवरून गाणं रेकॉर्ड करण्यासाठी नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण फुकट नाही. वापरून बघायची 60 दिवसांची मुदत संपल्यावरही चालू राहतं म्हणून त्याला फुकट म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

हां, एक राहिलं. आधीच्या ट्रॅकवर दुसरा गळा चढवताना तो मागे पडत असेल, तर ऑडॅसिटीच्या सेटिंगमधलं लॅटन्सी कॉम्पेन्सेशन (हा उशीर भरून काढायची सोय) बघा. आणि ड्रम-कीबोर्ड घेऊन बँडसारखं काही करणार असाल तर मेट्रोनोम हवाच. त्यासाठी वेव्हफॉर्म फ्री हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. भजनाला मात्र नाही म्हणजे नाही.