मुलगा माझा, मार सुनेला आणि नातवाला

प्रश्न : आम्ही केज तालुक्यातले. साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मुलगा-सून ऊसतोडीवरून गावी येतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नसते. मुलगा पितो, सुनेला मारतो. परवा नातू मध्ये पडला, तर त्यालाही गुरांच्या दाव्यानं मारलं. पाठीवर वळ आहेत. भावकी म्हणते, घरातलं घरात मिटवा. तक्रार केली तर मुलगा तुरुंगात जाईल का? नातवाला सरकार नेईल का?

उत्तर : आजी, मी बीड जिल्ह्यात संरक्षण अधिकारी होते, म्हणजे घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणारी सरकारी अधिकारी. सासू सुनेसाठी उभी राहिलेली फार थोड्या वेळा पाहिली. तुमचं पत्र मोलाचं आहे.

2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आधी मार थांबवायला बघतो. संरक्षण अधिकाऱ्याला खबर तुम्हीही देऊ शकता. खऱ्या मनानं दिली तर तुमच्यावर बालंट येत नाही. संरक्षण अधिकारी अहवाल करून कोर्टात पाठवतात. हात उगारायचा नाही असा हुकूम कोर्ट मुलाला देऊ शकतं, आणि सुनेला त्याच घरात राहता येतं. हुकूम मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत कैद. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं.

नातवाचं वेगळं. पोराला असं मारणं हा 2015 च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण त्याला संस्थेत ठेवणं हा त्याच कायद्यात शेवटचा उपाय आहे. अशा मुलांनी कुठे राहायचं ते बालकल्याण समिती ठरवते; आई आणि तुम्ही असताना ती आधी तुमच्याकडेच बघेल. 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो. वळ आहेत तोवर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद करून घ्या. मारहाण चालू असेल तर पोलिसांसाठी थेट 112.

मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. गावात बाल संरक्षण समिती असते. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडीताई सचिव. कितीतरी गावांत ती फायलीतच राहिलेली मी पाहिली. कोणतं घर फडावरून परतलंय, कुठलं पोर शाळेत आलं नाही, हे अंगणवाडीताईला नुसतं चालता चालता कळतं. वळ उठायच्या आधी दारात येणं हे सरकारचंच काम आहे, उपकार नाहीत. तुमच्या गावच्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा.

तालुक्याला तक्रारीसाठी जाताना सुनेला बरोबर न्या. तिला काय हवंय ते तिलाच सांगू द्या.