पुरवणी कराचे बिल बाजूला ठेवू नका

कॅलिफोर्नियातील सनीव्हेलहून एका वाचकाने विचारले आहे की, मालमत्ता कर क्रेडिट कार्डाने भरून पॉइंट मिळवणे फायद्याचे ठरेल का. त्यांनी गेल्या ऑगस्टमध्ये १६ लाख डॉलरचे घर घेतले. पत्राच्या शेवटी ते सहज लिहितात की, जानेवारीत सांता क्लारा काउंटीकडून सुमारे १२ हजार डॉलरचे ‘सप्लिमेंटल’ म्हणजे पुरवणी कराचे बिल आले होते, पण कर बँकच एस्क्रो खात्यातून (कर्जाच्या हप्त्यासोबत करासाठी घेतलेले पैसे जिथे जमा होतात त्या खात्यातून) भरते म्हणून ते तसेच ठेवले आहे. शिवाय दरमहा उरणारे हजार डॉलर एजंटाने सुचवलेल्या इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसीत (शेअर निर्देशांकाशी जोडलेल्या, बचतीसह येणाऱ्या आयुर्विम्यात) जातात.

कार्डाचे उत्तर एका ओळीचे आहे. कार्डावरचे शुल्क दोन टक्क्यांहून अधिक, पॉइंट एक-दीड टक्क्याचे. त्यामुळे बँक खात्यातून ई-चेकने विनाशुल्क भरावे.

खरी चिंता त्या बिलाची आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या तरतुदीनुसार करपात्र मूल्य वर्षाला फार तर दोन टक्के वाढते, मात्र घर विकले गेले की ते नव्याने ठरते. आधीच्या मालकाच्या वेळी हे मूल्य चार लाख होते असे तुम्ही लिहिता. म्हणजे फरक १२ लाखांचा. स्थानिक रोख्यांच्या परतफेडीसाठीच्या करासह सुमारे १.२ टक्के दराने वर्षाचा फरक १४,४०० डॉलर आणि खरेदीनंतर जूनला संपणाऱ्या करवर्षाच्या उरलेल्या दहा महिन्यांचा, म्हणजे सप्टेंबर ते जूनचा, १२ हजार. हे पुरवणी बिल काउंटी थेट मालकाला पाठवते आणि बँक ते सहसा भरत नाही. जानेवारीत निघालेल्या बिलाचा पहिला हप्ता फेब्रुवारीअखेरपर्यंत भरायचा होता. तो चुकल्याने सहा हजारांवर दहा टक्के, म्हणजे ६०० डॉलर दंड लागला आहे. दुसऱ्या हप्त्याची मुदत जूनअखेर संपते. त्यानंतरही थकबाकी राहिली, तर दरमहा दीड टक्का आकार सुरू होतो. ‘बँक भरेल असे वाटले’ हे कारण दंडमाफीला पुरत नाही. पुण्यात महापालिका अधूनमधून अभय योजना आणते, तशी सवलत इथे मिळेल या आशेवर एक दिवसही घालवू नका. मूल्यच चुकीचे वाटत असेल, तर कर गोळा करणाऱ्या कार्यालयाशी वाद घालून उपयोग नाही. ते काम मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याचे, म्हणजे असेसरचे आहे, आणि अपील प्रलंबित असले तरी कर वेळेवर भरावाच लागतो.

याहून मोठी चूक पुढच्या हिशेबात आहे. एस्क्रोचा मासिक हप्ता जुन्या मालकाच्या ४,८०० डॉलरच्या करावर बेतलेला दिसतो, तर जुलैपासूनच्या वर्षाचा कर १९,२०० च्या आसपास असेल. महिन्याला १,२०० डॉलरचा हा फरक बँक तुमच्याकडूनच वसूल करणार, आणि आधीची तूटही त्यात मिळवणार. तुम्ही ज्यांना शिल्लक समजता ते हजार डॉलर मुळात शिल्लक नाहीतच. नव्या घराचा कर न विचारता दीर्घ मुदतीची, सुरुवातीची अनेक वर्षे जबर सरेंडर शुल्क (मध्येच बंद केल्यास कापली जाणारी रक्कम) घेणारी पॉलिसी गळ्यात मारणाऱ्या एजंटाने तुमच्या गरजेचा विचारच केलेला नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो. घरच्यांसाठी विमा हवा असेल तर साधा टर्म विमा घ्यावा, आणि तो लागू झाल्यावरच ही पॉलिसी बंद करावी.

या आठवड्यात पहिला हप्ता दंडासह भरा, दुसऱ्याचे सहा हजार वेगळ्या बचत खात्यात ठेवा आणि बँकेला एस्क्रोचा हिशेब नव्या मूल्यावर करायला सांगा. स्वतः राहत असलेल्या घरासाठी मूल्यातून सात हजार डॉलरची सूट मिळते. वर्षाला सुमारे ७० डॉलर वाचवणारा तो अर्ज केला नसेल, तर तोही असेसरकडे द्या.