माल विमानाने न्यायचाय? परमिट कुणाचं ते आधी बघ

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळालं, मनापासून अभिनंदन. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या पार्टीला ‘टॉवेलचे गठ्ठे विमानाने पोचवतो’ असा शब्द देऊन बसलायस, तिथे थांब. सीपीएलमुळे तुला उडवण्याचा पगार घेता येतो. लोकांचा माल भाड्याने वाहायला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) ऑपरेटर परमिट लागतं, आणि ते वैमानिकाच्या लायसन्सपेक्षा वेगळं असतं.

प्रवासी नाहीत, नुसता माल आहे म्हणून सूट मिळेल, हा समज आधी डोक्यातून काढ. 1937च्या विमान नियमांतली सार्वजनिक वाहतुकीची व्याख्या माणसांइतकीच वस्तूंनाही लागू होते, आणि मोबदला कुठल्याही स्वरूपाचा धरला जातो. पार्टी म्हणेल, ‘भाडं नको ना, मग इंधन मी भरतो.’ बाबा रे, तोही मोबदलाच!

त्याच कारखानदाराने स्वतःचं विमान घेतलं, स्वतःचाच माल नेला आणि तुला पगारावर ठेवलं, तर गोष्ट वेगळी. तो खासगी वापर. पण परतीच्या फेरीत दुसऱ्याच्या डाळिंबाच्या पेट्या पैसे घेऊन चढवल्या, की खासगीपण संपलं. अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते.

नोकरी स्वीकारण्याआधी तीन गोष्टी विचार: विमान कुणाचं, माल कुणाचा, पैसे कुणाला? परमिटची प्रत माग, मुदत बघ, तू उडवणार तेच व्हीटी (भारतीय) नोंदणीचं विमान त्यात आहे का तपास. डीजीसीएच्या साईटवर परमिटधारकांची यादी असते, तिथेही नाव शोध.