बालगुन्हेगारातला ‘गार’

‘बालगुन्हेगार’ लिहावं की ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, आणि ‘विधि’ ऱ्हस्व की दीर्घ, असं एका वाचकाने विचारलंय. परवाच एका बातमीत ‘सराईत विधिसंघर्षग्रस्त बालक’ वाचून कपाळावर हात मारला. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळलेला, दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त. मोबाइल पळवणाऱ्या पोराला कसल्या संघर्षाने गिळलंय? बाल न्याय कायद्यातल्या ‘चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ’ या इंग्रजी शब्दांचं हे ओढूनताणून केलेलं भाषांतर. असो.

खरी गंमत ‘गुन्हा’मध्ये आहे. काही संस्कृताभिमानी तो ‘गुणहा’, म्हणजे गुणांचा घात करणारा, असा सोडवतात. काहीतरीच! फारसी ‘गुनाह’चं जुनं रूप ‘विनाह’, आणि ते आपल्या ‘विनाश’चं सख्खं चुलत भावंड. इराणीतला जुना ‘वि’ फारसीत अनेकदा ‘गु’ होतो. विश्तास्प राजाचा गुश्तास्प झाला तो असाच. आपलं ‘गुजरणे’सुद्धा त्याच वाटेने आलं. तेव्हा गुन्हा म्हणजे मुळात नासधूस, नुकसान. ते करणारा कोण, कसा, याची चौकशीच नाही. मिलानच्या बेक्कारिया या विचारवंताने १७६४ मध्ये नेमकं हेच मांडलं: गुन्ह्याचं माप म्हणजे समाजाची झालेली हानी. माणूस नव्हे, कृत्य मोजा म्हणणाऱ्या, गुन्हेशास्त्रातल्या अभिजात पंथाचा सगळा सिद्धान्त त्या एका फारसी शब्दात बसतो.

‘अपराध’ची तऱ्हा निराळी. ‘राध्’ म्हणजे साधणे. ‘अप’ लागला की हुकणे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला त्याला अमरकोश ‘अपराद्धपृषत्क’ म्हणतो. बाण हुकला की लोक धनुर्धराकडे बघतात: हात थरथरला, धनुष्य वाकडं होतं, की कुणी धड शिकवलंच नाही? गुन्ह्याची कारणं माणसात आणि त्याच्या परिस्थितीत शोधणाऱ्या प्रत्यक्षवाद्यांचे प्रश्न हेच. लॅटिनमधल्या ‘डेलिंक्वंट’चाही मूळ अर्थ कमी पडणारा, चुकणारा. त्याला ‘अपराधी’ समोर तयार असताना कोशकारांनी ‘गुन्हेगार’ का बसवला, देव जाणे.

खरा घोळ ‘गार’मध्ये आहे. खिदमतगार, कामगार: ज्याचं रोजचं काम तेच. (रोजगार, यादगार वेगळे, पत्रं पाठवू नका.) हा प्रत्यय कृत्याला नाही, माणसाला चिकटतो. प्रत्यक्षवाद्यांपैकीच एक, इटलीतला डॉक्टर लोंब्रोझो. त्याला एका चोराच्या कवटीत मागच्या बाजूला खळगा सापडला आणि १८७६ च्या ग्रंथात त्याने गुन्हेगार हा मुळातच वेगळ्या घडणीचा प्राणी ठरवून टाकला. पुढे त्याचा शिष्य फेर्री याने गरिबी, हवामान, समाज अशी कारणांची यादी वाढवली, तरी ‘जन्मजात’ हा कप्पा काही सोडला नाही. इंग्रज सरकार तर लोंब्रोझोच्याही पाच वर्षं पुढे. १८७१ च्या कायद्याने त्यांनी अख्ख्या जमातींनाच ‘गुन्हेगार’ ठरवलं. पाळण्यातलं मूलसुद्धा ‘गार’! तो कायदा १९५२ मध्ये गेला आणि त्या जमातींसाठी ‘विमुक्त’ हा शब्द आला. तरी ‘भामटा’ हे एका जमातीचं नाव आपण आजही शिवीसारखं वापरतो.

म्हणून चौदा वर्षांच्या पोराने एकदा सायकल उचलली तर त्याला ‘गार’ लावू नये. ‘बालापराधी’ म्हणा, ‘अल्पवयीन मुलगा’ म्हटलं तर त्याहून बरं. हो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं राहिलंच: सुटा असेल तर ‘विधी’ दीर्घ, समासात पहिला आला तर ‘विधि’ ऱ्हस्व, आणि पुढच्या शब्दाला जोडून.