पाचव्या प्रवेशातला स्टॅम्प पेपर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझे नाटक दोनदा वाचले, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. ‘थप्पड’ हा हिंदी चित्रपट पाहून आल्यावर तीन रात्रींत ते लिहून काढल्याचे तू कळवले आहेस आणि ती घाई पानोपानी दिसते. तरीही हा विषय सोडू नकोस. मी पाहिलेल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत फारकत हा शब्द एक तर विनोदी पात्राच्या तोंडी येतो, नाही तर खलनायकाच्या धमकीत.

तुझ्या नाटकातला नवरा दारू पितो, जुगार खेळतो आणि वर दुसरीच्या घरीही जातो. अशा माणसाला बायको सोडते तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळा होतो, कारण स्वतःकडे पाहण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. दिग्दर्शक अनुभव सिन्हा आणि सहलेखिका, आपल्या मृण्मयी लागू यांनी २०२० सालच्या त्या चित्रपटात नेमकी उलट वाट धरली. त्यांचा नवरा, विक्रम, कष्टाळू आहे, घरातला लाडका आहे. नोकरीतला राग भर पार्टीत बायकोवर काढतो आणि एकच थप्पड मारतो. वडशाच्या नाटक कंपन्यांना खलनायक लागतोच, हे मी जाणतो. तो सावकार कर, सासऱ्याचा भागीदार कर, पण नवरा करू नकोस.

चित्रपटातली विक्रमची बायको अमृता रोज सकाळी गवती चहा कापून चहा टाकते, दूध आणि पेपर आत घेते, सासूच्या रक्तातली साखर तपासते. ही कामे आधी पुन्हा पुन्हा दाखवली आहेत, म्हणूनच थप्पडेनंतरची तीच कामे पाहवत नाहीत. तुझ्या नायिकेला पहिल्या अंकात एकही काम नाही. ती नुसती सोसते आणि गाणी म्हणते. तिला पहाटे सडा टाकू दे, भाताच्या रोवणीला निघण्याआधी नवऱ्याचा डबा बांधू दे.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझ्या एका नाटकात मार खाऊन माहेरी आलेली मुलगी शेवटच्या प्रवेशात सासरी परतते, आणि त्या प्रवेशाला बायका रडत, याचा मला अभिमान होता. एका पहाटे प्रयोग संपल्यावर चहाच्या टपरीपाशी उभा होतो. अंगावर गोधडी गुंडाळलेली एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, “थे घरी त गेली जी, पण सकारी चूल कोनं पेटवली?” मी हसून वेळ मारून नेली. पुढच्या प्रयोगांतही तो प्रवेश तसाच राहिला, कारण तिकिटे विकली जात होती.

आता पाचवा प्रवेश. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, पंचांचे अंगठे आणि फारकत झाली, असे तू लिहिले आहेस. गावोगावी असे कागद होतात, म्हणून तो प्रवेश खोटा नाही. पण त्या कागदाने विवाह मोडला, असे नाटकाने मानणे धोक्याचे आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) मध्ये जातीच्या रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. नाही तर कोर्टातच जावे लागते. परस्परसंमतीचे कलम १३ब १९७६ साली आले. त्यासाठी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर निदान सहा महिने थांबावे लागते. २०१७ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल करण्याची मुभा दिली आहे. त्या कागदाच्या भरवशावर तुझा नायक दुसरे लग्न करतो आणि पहिलीने तक्रार केली, तर तो तुरुंगाच्या दारात उभा राहील. खरे नाट्य तिथेच आहे. ते तुझ्या हातातून निसटले आहे.

तंटामुक्ती समितीचा प्रवेश मात्र उत्तम उतरला आहे, त्यातला एकही शब्द बदलू नकोस. अध्यक्ष समजूत घालत असताना सुपारी कातरत राहतात आणि मुलीकडे एकदाही पाहत नाहीत, हे तू कुठे तरी डोळ्यांनी पाहिले असणार.

आईचे पात्र वाढव. चित्रपटात अमृताच्या आईचे गाणे संसारात सुटलेले असते आणि लेकीला भक्कम साथ देणाऱ्या बापाच्या ते कधी ध्यानातही आलेले नसते. तुझ्या आईने काय सोडले, ते मला नाटकात सापडले नाही.

पेन्सिलच्या खुणांची प्रत एसटीच्या पार्सलने पाठवत आहे. पाचवा प्रवेश नव्याने लिहून पोळ्याआधी पाठव. त्यानंतर तालमी लागतात आणि कंपनीवाले कुणाचे ऐकत नाहीत.