नुसते सिक्वेन्स (प्रोटीनमधल्या अमिनो आम्लांचा क्रम) कम्पेअर करून कुठलं प्रोटीन इम्युन रिस्पॉन्स देईल हे सांगता येतं का?

अर्धंमुर्धं येतं. तुम्ही लिहिलंय की एका बॅक्टेरियाची सगळी प्रोटीन्स फास्टा फाइलमध्ये (सिक्वेन्स ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) आहेत आणि ब्लास्ट (सिक्वेन्स जुळवून पाहणारा प्रोग्रॅम) मारून त्यातली अँटिजेनिक, म्हणजे इम्युन रिस्पॉन्स देणारी, तेवढी वेगळी काढायचीत. पण ब्लास्टला फक्त हे कळतं की हा सिक्वेन्स त्या सिक्वेन्ससारखा दिसतो का, शरीर त्यावर चिडेल का हे त्याला कुठून कळणार!

टीबीचंच घ्या. आपल्याकडे बहुतेकांच्या दंडावर बीसीजी या टीबीच्या लशीची खूण असते, त्यामुळे जुनी पीपीडीची स्किन टेस्ट टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण पीपीडी म्हणजे प्रोटीन्सची खिचडी आणि त्यातली बरीच बीसीजीतही असतात. नव्वदच्या दशकात टीबीचा जंतू आणि लशीतला बीसीजी जंतू यांचे जिनोम ताडून पाहिले तर आरडी-1 नावाचा एक तुकडा बीसीजीच्या एकाही स्ट्रेनमध्ये (उपप्रकारात) नाही असं निघालं. ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही दोन्ही प्रोटीन्स त्याच तुकड्यातली, आणि आजची इग्रा ब्लड टेस्ट काय किंवा पुण्याच्या सीरमची सीवाय-टीबी स्किन टेस्ट काय, दोन्ही यांच्यावरच चालतात. पण ईसॅट-6 ला टी-सेल्स (इम्युन सिस्टिमच्या पेशी) प्रतिसाद देतात हे आधी लॅबमध्येच दिसलं होतं, कल्चर फिल्ट्रेटमधून, म्हणजे जंतू वाढवून गाळलेल्या द्रवातून. कम्पॅरिझनने त्यात भर घातली ती एवढीच की हे बीसीजीत नाही. (मायकोबॅक्टेरियम कान्सासी या टीबीच्या नातलग जंतूत मात्र आहे, तिथे टेस्ट फसू शकते.)

दुसरं म्हणजे अख्खं प्रोटीन कम्पेअर करून भागत नाही. टी-सेलला प्रोटीन दिसत नाही, छोटा तुकडा दिसतो, एमएचसीच्या (पेशीवर असे तुकडे दाखवणारं प्रोटीन) खाचेत बसणारा भाग साधारण 9 अमिनो आम्लांचा. ईसॅट-6 मध्ये 95 आहेत, म्हणजे एकेक घर सरकत गेलात तर 87 तुकडे होतात, पहिला एमटीइक्यूक्यूडब्ल्यूएनएफए (एकेका अमिनो आम्लाला एकेक अक्षर), मग पुढचा एक अक्षर सोडून. हे तुकडे मी पहिल्यांदा मानवी प्रोटीन्सशी ताडायला साध्या ब्लास्टपीत (ब्लास्टचा प्रोटीनसाठीचा प्रकार) टाकले, डिफॉल्ट सेटिंग तशीच ठेवून, आणि सगळीकडे नो हिट्स आलं, मी खूश की सगळेच युनिक निघाले. गाइड हसायलाच लागले. एवढ्या छोट्या तुकड्याला डिफॉल्टवर बऱ्याचदा हिट दिसतच नाही, शॉर्ट मोड लावायचा नाहीतर सरळ स्ट्रिंग मॅच करायचं.

आणि "माणसाशी मिळतंजुळतं ते फेका" हा जो फिल्टर सगळे लावतात ना, त्यात टीबीच्या जंतूचं एचएसपी-65 हे प्रोटीन उडून जातं. ते मानवी एचएसपी-60 शी जवळपास निम्मं सारखं आहे, तरी टीबीत जोरदार रिस्पॉन्स देतं. लस बनवायची असेल तर ते टाळण्यात अर्थ आहे, पण "माणसासारखं म्हणून इम्युनोजेनिक नाही" असं थिसिसमध्ये लिहू नका, व्हायव्हात पकडतील.

मेनिन्गोकॉकस बी (मेंदूज्वराचा एक जंतू) च्या लशीच्या वेळी जिनोमवरून सुमारे 600 प्रोटीन्स निवडली, त्यातली 350 ईकोलाय बॅक्टेरियात बनवून उंदरांना टोचली, आणि बॅक्टेरिया मारणाऱ्या अँटीबॉडीज दिल्या फक्त 28 नी. म्हणजे कॉम्प्युटरने यादी छोटी केली, बाकी उंदरांनी.

तुमचा बॅक्टेरिया कुठला ते लिहिलं नाहीत. पेशीच्या आत राहणारा असेल तर एमएचसी बाइंडिंगच्या बाजूने जा, बाहेर फिरणारा असेल तर आधी सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला पेशीबाहेर पाठवणारा सुरुवातीचा तुकडा) बघून पृष्ठभागावरची आणि बाहेर टाकली जाणारी प्रोटीन्स काढा, मग ब्लास्टला हात लावा.